उजेडानं केलेलं वजन

रक्ताच्या एका थेंबात कोट्यवधी तांबड्या पेशी असतात. त्यातल्या एकाच पेशीत किती हिमोग्लोबिन आहे, हे कसं कळणार? ते असतं साधारण 30 पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम! सोनाराचा काटासुद्धा इथे हलणार नाही. म्हणून शास्त्रज्ञ वजन करतात ते चक्क उजेडानं.

हिमोग्लोबिन जांभळा उजेड भरपूर शोषून घेतं. मायक्रोस्कोपखाली पेशीवर जांभळा उजेड सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते कॅमेऱ्यानं मोजायचं. तांबडी पेशी मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, त्यामुळे एका जागी मोजून भागत नाही. बिंदूबिंदूला मोजायचं आणि मग बेरीज करायची.

डीएनएची तऱ्हा निराळी. त्याला डॅपी नावाचं रंजक पाजतात. हे रंजक डीएनएला चिकटतं आणि डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडले, की निळं चमकू लागतं. डीएनए दुप्पट, तर चमकही जवळपास दुप्पट. 1936 साली स्वीडनच्या टोर्बयॉर्न कॅस्परसन यांनी पेशीतली असली द्रव्यं मोजली, तेव्हा डॅपी नव्हतंच. पेशी किती अतिनील किरण गिळते, यावरून त्यांनी हिशोब मांडला. मला तर ही कमालच वाटते!

पण चमकीवरून पिकोग्रॅम कसे काढायचे? त्यासाठी मदतीला येते कोंबडी! तिच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं आणि त्यात सुमारे 2.5 पिकोग्रॅम डीएनए असतो. तिची चमक माहीत झाली, की तिच्याशी ताडून इतर पेशींचा डीएनए काढता येतो. माणसाच्या पांढऱ्या पेशीत तो साधारण 6.5 पिकोग्रॅम भरतो.

आणि आपल्या तांबड्या पेशीत? शून्य! ती काळीच दिसते. हाडांच्या आतल्या मज्जेत ती जन्मते, तेव्हा तिच्यात डीएनए असतो, हिमोग्लोबिन मात्र नसल्यात जमा. मग हिमोग्लोबिन भरत जातं, केंद्रक आक्रसतं आणि शेवटी पेशी ते बाहेर टाकून देते. शेजारची भक्षक पेशी ते गट्ट करते! सगळी मज्जा एकत्र घोटून मोजली, तर नुसती सरासरी हाती लागेल. एकेका पेशीची दोन्ही मापं घेतली, तरच कोणती पेशी या प्रवासात कुठवर आली ते समजतं.

रक्तातल्या एखाद्या तांबड्या पेशीत मात्र निळा ठिपका चमकला, तर डॉक्टर लगेच सावध होतात. पेशीचा स्वतःचा डीएनए तर गेलेला असतो, मग हा आला कुठून? पुष्कळदा तो असतो पेशीत शिरून हिमोग्लोबिन फस्त करणाऱ्या मलेरियाच्या परजीवीचा.