दोष कोणाचा?

रब्बीच्या हंगामात नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : "डीपी जळाली!" खांबावरच्या रोहित्राला, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरला, आपल्याकडे डीपी म्हणतात. जळालेली डीपी काढून दुसरी बसवतात. पण मोटारींचा भार तेवढाच राहिला, तर दुसरीही जळते. मग दोष डीपीचा की भाराचा?

असेच एक लहान रोहित्र जुन्या रेडिओच्या पोटात असते. तो रेडिओ बंद पडला, तर खरा दोष कसा शोधतात, ते या पाठात पाहू.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली लागला. त्यापूर्वीच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. त्या काळी नांदेड आणि लातूर ही गावे हैदराबाद संस्थानात होती आणि संस्थानाचे 'दक्कन रेडिओ' हे केंद्र हैदराबादला होते. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि व्हॉल्व्हचे रेडिओ मागे पडले. तरी काही घरांत आजोबांची आठवण म्हणून असा लाकडी पेटीचा रेडिओ जपून ठेवलेला असतो.

व्हॉल्व्हला दोन प्रकारची वीज लागते. त्यातील तंतू तापवण्यासाठी साधारण ६.३ व्होल्ट पुरतात. पण त्याचे मुख्य काम चालण्यासाठी सुमारे २५० व्होल्ट लागतात. घरातील वीज मात्र २३० व्होल्टची असते. हे वेगवेगळे दाब रोहित्र तयार करते.

हे कसे घडते? लोखंडी पत्र्यांच्या एका गाभ्यावर तांब्याच्या तारेच्या वेगवेगळ्या गुंडाळ्या असतात. पहिल्या गुंडाळीतून एसी वीज गेली, की गाभ्यातील चुंबकत्व सारखे बदलत राहते आणि त्यामुळे दुसऱ्या गुंडाळीत वीज निर्माण होते. हे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली शोधले. दाब किती मिळेल, हे वेढ्यांच्या संख्येवर ठरते. समजा, एका व्होल्टला ५ वेढे दिले आहेत. तर २३० व्होल्टसाठी १,१५० वेढे, २५० व्होल्टसाठी १,२५० वेढे आणि ६.३ व्होल्टसाठी केवळ ३२ वेढे लागतील.

रोहित्र तीन प्रकारे बिघडते. पहिला प्रकार, तार तुटते. मग रेडिओत ना उजेड, ना आवाज. दुसरा प्रकार, तारेवरचे वार्निश जळून शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. मग रोहित्र खूप तापते, घुमू लागते आणि जळका वास येतो. तिसरा प्रकार, तार आतून लोखंडाला टेकते आणि रेडिओच्या पत्र्याला हात लावताच झटका बसतो.

आता एक इशारा नीट लक्षात ठेवा. ही तपासणी जाणकार कारागिरानेच करावी. तुम्ही एकट्याने रेडिओ उघडू नका. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि ती जिवावर बेतू शकते. काही जुन्या रेडिओंत तर रोहित्रच नसते. त्यांचा पत्रा थेट घरातील विजेला जोडलेला असतो.

कारागीर घाई करत नाही. तो प्लग काढतो, साठलेली वीज उतरवतो आणि मगच नाक व डोळे कामाला लावतो. मागे दाब निवडण्याची खूण असेल, तर ती पाहतो. खूण २०० वर आणि घरातील वीज २४० व्होल्ट, असे असेल तर रोहित्र तापणारच. नंतर तो मीटर लावतो. गुंडाळीच्या दोन टोकांत मीटरचा काटा हललाच नाही, तर तार तुटली आहे. पण काटा हलला म्हणून रोहित्र चांगले, असे मात्र नाही. १,१५० पैकी ५ वेढे चिकटले, तर मीटरला तो फरक कळतसुद्धा नाही.

म्हणून तो एक सोपी युक्ती करतो. रेडिओच्या विजेच्या वाटेत ६० वॅटचा तंतूचा जुना बल्ब जोडतो. येथे एलईडी चालत नाही. बल्ब सतत लख्ख पेटला, तर कोठेतरी जास्त वीज ओढली जात आहे. मग तो वीज बंद करून, एसीचे डीसी करणारा व्हॉल्व्ह काढतो आणि पुन्हा पाहतो. आता बल्ब मंद झाला, तर रोहित्र बहुधा निर्दोष आहे. दोष त्या व्हॉल्व्हमध्ये किंवा पुढच्या कपॅसिटरमध्ये आहे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या रेडिओत कपॅसिटर खराब झालेले असतात. बल्ब तरीही लख्ख राहिला, तर तो पुन्हा वीज बंद करून रोहित्राच्या पुढच्या सर्व तारा सोडवतो. आता रोहित्र एकटे आहे. एवढ्यावरही बल्ब लख्ख पेटला, तरच दोष रोहित्राचा!

जळालेले रोहित्र टाकून द्यावे लागत नाही. मोटारी भरणारे काही कारागीर जुने वेढे मोजून, तेवढ्याच जाडीची तार पुन्हा गुंडाळून देतात. परंतु खराब कपॅसिटर तसाच ठेवून नवे रोहित्र बसवले, तर तेही जळेल. पैसे जातील आणि आजोबांचा रेडिओ मुकाच राहील.

मित्रांनो, जे जळाले त्याला लगेच दोषी ठरवू नये. एकेक भाग वेगळा करून पाहावा, म्हणजे खरे कारण सापडते. कारण सापडले, की इलाज सोपा होतो.

स्वाध्याय
१. रोहित्र कोणत्या तीन प्रकारे बिघडते?
२. प्लग काढल्यावरही रेडिओ धोकादायक का असतो?
३. एका व्होल्टला ४ वेढे असतील, तर २३० व्होल्टसाठी किती वेढे लागतील?
४. तुमच्या गावातील डीपी वारंवार जळत असेल, तर तुम्ही कोणकोणत्या गोष्टींची चौकशी कराल? पाच वाक्ये लिहा.