दिव्याचा खांब आणि सदुसष्ट दिवस

रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर मोबाइल कंपनीला छोटा अँटेना बसवायचा असेल, तर खांबाच्या मालकाने वर्षाला किती पैसे घ्यावेत? केंद्र सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये याचा दर ठरवून दिला: शहरात खांबामागे 300 रुपये, ग्रामीण भागात 150. नुसती केबल न्यायची असेल तर 100. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2018 मध्ये अशाच अँटेनासाठी वर्षाला 270 डॉलरपर्यंतची आकारणी वाजवी मानली, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस हजारांच्या वर. तीही अपुरी म्हणून तिथली शहरे न्यायालयात गेली आणि 2020 मध्ये शुल्काच्या मुद्द्यावर हरली. हे आकडे शेजारी ठेवले की जालन्याचा करदाता म्हणणारच, आपले खांब फुकटात चालले. पण दराचे भांडण जालन्यात सुटणारे नाही. दर आणि मुदत दिल्लीत ठरते. स्थानिक संस्थेच्या हातात उरते ते एवढेच, की कोणता खांब द्यायचा, कोणता नाकारायचा आणि कोणत्या अटींवर. हा अधिकार वापरायचा तर आधी आपले खांब आपल्याला माहीत असावे लागतात, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

मोठ्या टॉवरचा आवाका किलोमीटरमध्ये मोजतात. कंपन्यांची माणसे ज्याला ‘स्मॉल सेल’ म्हणतात, त्या खांबावरच्या अँटेनाचा आवाका दहा-वीस मीटरपासून दोन-तीनशे मीटरपर्यंतच असतो. त्याचे काम गर्दी पेलण्याचे. एकाच टॉवरवर हजारो फोन तुटून पडले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटतो. मधेच छोटे अँटेना असले तर भार वाटला जातो. 1 ऑक्टोबर 2022 ला देशात 5जी सुरू झाले. त्यासाठी वापरात असलेल्या 3300 मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या लहरी जुन्या 900 मेगाहर्ट्झच्या लहरींइतक्या सहज भिंतीपलीकडे पोचत नाहीत. जालन्यात याची गरज कुठे भासेल हे ओळखायला तज्ज्ञ नको: मोंढा, बसस्थानक, रेल्वे स्टेशन, जुन्या जालन्यातले अरुंद बाजाररस्ते आणि औद्योगिक वसाहतीतल्या स्टील कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडचा परिसर. परतूर किंवा मंठा तालुक्यातल्या एखाद्या वाडीला मात्र असल्या अँटेनाचा फारसा उपयोग नाही. तिथे टॉवर हवा आणि त्या टॉवरपर्यंत फायबर हवी. 5जी म्हणजे खांबोखांबी अँटेना, ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी.

कायदा मात्र सगळीकडे एकच लागू होतो. तार खात्याला कुणाच्याही जागेत खांब रोवण्याचा अधिकार 1885 च्या टेलिग्राफ कायद्याने दिला होता. स्थानिक संस्थेच्या मालमत्तेसाठी तेवढी तिची परवानगी लागे आणि त्या परवानगीला अटी जोडता येत. मोबाइल कंपन्यांसाठी 2016 मध्ये मार्गाधिकाराचे नियम आले, 2022 च्या दुरुस्तीने त्यांत रस्त्यावरचे खांब आणि छोटे अँटेना घातले. मग 2023 चा दूरसंचार कायदा आला आणि त्याखालचे 2024 चे नियम 1 जानेवारी 2025 पासून अमलात आहेत. अर्ज ऑनलाइन येतो. त्यावर 67 दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. सरकारी भाषेत, ‘मानीव’ परवानगी. नकार द्यायचा तर सबळ कारण लेखी नोंदवावे लागते. तंटा झाला तर तो सोडवण्याची जबाबदारी कायद्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांवर टाकली आहे. करांच्या बाबतीतही पालिकांचे हात आखडले. मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात दिला होता. नव्या कायद्याचे कलम 14 सांगते की, जागेवर बसवलेले दूरसंचार जाळे मालमत्ता करासाठीही त्या जागेचा भाग धरायचे नाही.

आता हे 67 दिवस जालना महापालिकेच्या टेबलावर आणून ठेवा. ही महापालिका 2023 ची. तोवर कारभार 1965 च्या नगरपरिषद कायद्याने चाले, आता 1949 च्या महापालिका कायद्याने चालतो. पहिली निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. समजा, शंभर खांबांचा अर्ज आला. त्यातले पालिकेचे किती आणि महावितरणचे किती? महाराष्ट्रातल्या गावाशहरांत दिवा पालिकेचा आणि खांब महावितरणचा, हा प्रकार सर्रास आढळतो. महावितरणही कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक संस्थाच, म्हणजे तिच्या खांबासाठी तिच्याकडे वेगळा अर्ज. पुढचा प्रश्न विजेचा. रस्त्यावरच्या दिव्यांची लाइन अनेक ठिकाणी संध्याकाळी चालू होते आणि सकाळी बंद. अँटेनाला वीज चोवीस तास लागते. म्हणजे वेगळी जोडणी, वेगळे मीटर, आणि ती पेटी कुणाच्या दुकानासमोर लटकणार हा वाद. खांब सिमेंटचा की लोखंडी, बुडाशी गंजलेला की धड, त्यावर केबलवाल्यांची किती वेटोळी आधीच आहेत, वळवाच्या वाऱ्यात तो आणखी वीस-पंचवीस किलो सोसेल का? यातली माहिती कागदावर नसेल तर विद्युत विभागाचा अभियंता 67 दिवसांत शंभर खांब पाहणार कधी आणि लेखी कारण देणार कशाच्या जोरावर? मग फाइल पडून राहते आणि परवानगी आपोआप मिळते. नियम कंपन्यांच्या बाजूने झुकलेले आहेत हे खरेच. पण ज्या पालिकेकडे खांबांची नोंदवही नाही, तिच्या बाजूने कोणताही नियम उभा राहू शकत नाही. प्रत्येक खांबाला क्रमांक, मालक, प्रकार, वय, वरून जाणारी तार आणि शेजारच्या गॅलरीपासूनचे अंतर, एवढी नोंद पुरे. हे काम अर्ज येण्याआधी व्हायला हवे, कारण अर्जाच्या दिवसापासून घड्याळ सुरू होते.

खांबावर अँटेना म्हटले की पहिला आक्षेप येतो तो किरणांचा. तो हसण्यावारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. त्याचा अर्थ, पुरावा मर्यादित आहे आणि शंका पुरती मिटलेली नाही. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. छोट्या अँटेनाची शक्ती टॉवरच्या मानाने फार कमी असते. शिवाय अँटेना जवळ असला की हातातला फोन कमी ताकदीने बोलतो, आणि डोक्याला सर्वांत जवळचा स्रोत तोच. पण हा अँटेना उंच गच्चीवर नसून पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या पातळीवर येऊ शकतो, हे भीती बाळगणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्यावर उत्तर सरसकट बंदीचे नाही, कारण ती टिकणार नाही. खिडकीपासून तीन हातांवरचा खांब सोडून पुढचा खांब सुचवणे हे टिकेल. आणि ज्याला शंका आहे त्याला दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर 4,000 रुपये भरून मोजणी मागता येते. सामान्य माणसाला ही रक्कम जड आहे. महापालिकेने वर्षाला काही ठिकाणांची मोजणी स्वतः मागवली तर खांबामागे मिळणारे ते तीनशे रुपये सत्कारणी लागतील.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक असतो: जिथे दिवे वेळेवर लागत नाहीत तिथे खांबांची नोंदवही कोण ठेवणार? पण बंद दिव्याची तक्रार सुटायलाही नेमका तोच क्रमांक आणि तोच मालक माहीत असावा लागतो. अँटेना एकही आला नाही तरी हा खर्च वाया जात नाही. ग्रामपंचायतींची अडचण निराळी आहे. तिथे बहुतेक खांब महावितरणचे, त्यामुळे 150 रुपये खांबमालकाच्या खात्यात जातील आणि ‘हे काय बसवलं?’ असे गावकरी सरपंचांना विचारतील. गावातल्या खांबासाठी अर्ज आला की त्याची प्रत ग्रामपंचायतीला मिळावी आणि तिचे म्हणणे मुदतीच्या आत मागवावे, एवढे जिल्हाधिकारी आणि महावितरण यांना एका बैठकीत ठरवता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.