परतलेल्या मेलचा हिशेब

ऑस्ट्रेलियातील मराठी मंडळांचा कारभार बव्हंशी स्वयंसेवकांच्या हाती असतो आणि गणेशोत्सवापासून वार्षिक सभेपर्यंतच्या सूचना सदस्यांच्या यादीवर एकाच वेळी पाठवलेल्या ईमेलने जातात. यादीतील पत्ते मात्र स्थिर नसतात. नोकरी बदलली की कंपनीचा पत्ता बंद होतो, शिक्षण संपले की पुष्कळदा विद्यापीठाचाही बंद होतो, आणि कधी सेवा देणारी कंपनीच या व्यवसायातून अंग काढून घेते. २०२३ मध्ये टीपीजी टेलिकॉमने पर्थची आयआयनेट, ॲडलेडची इंटरनोड यांसारख्या आपल्या सेवांच्या ग्राहकांची ईमेल खाती ‘द मेसेजिंग कंपनी’ या दुसऱ्या संस्थेकडे सोपवली, ते याचे ठळक उदाहरण. न पोहोचता परत येणाऱ्या मेलला ‘बाउन्स’ म्हणतात, आणि शेकडो सदस्यांच्या यादीवरून येणारे बाउन्स एकेक वाचून निकालात काढणे कोणाही चिटणीसाला झेपणारे नसल्याने ते काम संगणकावर सोपवावे लागते.

पाठवणारा आणि घेणारा सर्व्हर यांच्यातील संवाद जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या एसएमटीपी या नियमसंचावर आधारलेला आहे आणि त्यात घेणाऱ्याचे प्रत्येक उत्तर तीन अंकी संकेताने येते. ४ ने सुरू होणारा संकेत ‘आता नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगतो, तर ५ ने सुरू होणारा ‘प्रयत्न करू नका’ असे बजावतो. ५५० आणि त्याला जोडलेला ५.१.१ हा तपशील म्हणजे त्या नावाचे खातेच नाही, तर ४.२.२ म्हणजे पेटी भरली आहे. तात्पुरत्या नकारानंतर चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावेत, असे नियमसंच सुचवतो. ही सबुरी आज अवाजवी वाटली, तरी ऑस्ट्रेलियाला इंटरनेटची कायमची जोडणी जून १९८९ मध्ये, मेलबर्न विद्यापीठ आणि हवाई यांच्यातील उपग्रह-दुव्याने मिळाली, हे लक्षात घेता ती कोणत्या काळातून आली आहे ते कळते.

खरी अडचण निराळीच असते. सदस्याने जुन्या पत्त्यावरचा मेल नव्या पत्त्याकडे वळवलेला असेल, तर बाउन्समध्ये नव्या पत्त्याचे नाव येते, यादीत जुना असतो, आणि कोणाचा मेल परतला हे संगणकाला उमगत नाही. यावर डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेला उपाय असा, की प्रत्येक सदस्याला जाणाऱ्या प्रतीचा परतीचा पत्ता वेगळा ठेवायचा. ‘सुनीता@उदाहरण’ या सदस्येला जाणाऱ्या प्रतीवर ‘मंडळ-परत-सुनीता=उदाहरण’ असा परतीचा पत्ता असतो, त्यामुळे बाउन्समधील मजकूर कितीही गबाळा असला तरी तो ज्या पत्त्यावर येऊन पडतो त्यावरूनच सदस्य ओळखता येतो. बाउन्सचा स्वतःचा परतीचा पत्ता मात्र कोरा ठेवतात, नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांना नकार कळवीत अखंड फिरत राहतील.

सदस्य ओळखला तरी त्याला केव्हा वगळायचे, हा प्रश्न उरतोच. बर्नस्टाइन यांच्या ‘ईझीएमएलएम’ या प्रणालीत काही दिवसांनी सदस्याला न पोहोचलेल्या संदेशांचे क्रमांक देणारी सूचना जाते. तीही परतली तर एक चाचणी-मेल जातो आणि तोही परतला तरच नाव निघते. ‘मेलमन’ या सर्वपरिचित प्रणालीत गुणांकन आहे : कायमच्या नकाराला एक गुण, तात्पुरत्याला अर्धा, दिवसातून एकदाच मोजणी, पाच गुण झाले की वितरण बंद; आणि सात दिवस बाउन्स आला नाही तर जुने गुण बाद. वितरण बंद झाल्यानंतरच्या तीन स्मरणसूचना त्याच बंद पत्त्यावर पाठवल्या जातात, हे हास्यास्पद वाटेल. पण काही दिवस बिघडून पुन्हा सुरू झालेल्या खात्याला परतण्याची वाट तेवढीच असते.

गुणांकन फसते कसे, हे एप्रिल २०१४ मध्ये दिसले. याहूने आपल्या पत्त्यावरून येणारा, पण आपल्या प्रमाणीकरणाच्या कसोटीस न उतरणारा मेल नाकारावा, असे धोरण जाहीर केले. याद्यांची प्रणाली विषयाआधी यादीचे नाव आणि शेवटी तळटीप जोडते, त्यामुळे मूळ स्वाक्षरी मोडते आणि मेल यादीच्या सर्व्हरवरून निघाल्याने दुसरी कसोटीही टिकत नाही. परिणामी याहूवरील एखाद्या सदस्याने यादीवर लिहिले की लगेच इतर सेवांवरील अनेक सदस्यांकडून मेल परतू लागले आणि गुण साचले ते लिहिणाऱ्याच्या नव्हे, तर निर्दोष वाचकांच्या खाती. त्यांचे वितरण थांबले आणि कारण त्यांना कळलेही नाही. पुढे अशा मेलवर पाठवणाऱ्याच्या जागी यादीचाच पत्ता घालण्याची सोय आली.

ऑस्ट्रेलियाचा ‘स्पॅम कायदा २००३’ व्यावसायिक मेलसाठी संमती आणि नाव काढण्याची सोय सक्तीची करतो, आणि तशी विनंती पाच कामकाजाच्या दिवसांत पाळावी लागते. बाउन्स ही अशी विनंती नव्हे. म्हणून मंडळाने वितरण थांबवावे, पण सदस्यत्वाच्या नोंदीतून नाव पुसू नये आणि वर्गणीच्या वेळी नवा पत्ता दूरध्वनीवर विचारून घ्यावा.