गस्तीवरचा दुसरा माणूस

बर्लिनमधला एक रस्ता. तारीख 5 मार्च 1933, जर्मनीत मतदानाचा दिवस. फोटोत दोघे जण गस्त घालत चालले आहेत. एक नेहमीचा पोलीस शिपाई, रीतसर गणवेशातला. शेजारच्याच्या दंडावर स्वस्तिकाची पट्टी आहे. तो नाझी पक्षाच्या एसएस संघटनेचा माणूस, काही दिवसांपूर्वी ‘साहाय्यक पोलीस’ झालेला. बरोबर एक कुत्रा, तोंडाला मुसकं बांधलेला. कुणी कुणाला मारत नाही, कुणी पळत नाही. नुसती गस्त चालू आहे.

वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयात पोलिसांचे वर्ग भरतात, तिथे ज्या छायाचित्रांवर बोललं जातं त्यांत हे एक आहे. छळछावण्यांचे फोटो पाहून कुणीही हादरतो, पण ते पाहणाऱ्या पोलिसाला ‘हे राक्षसांचं काम, आपला काय संबंध’ असं सहज म्हणता येतं. या फोटोपुढे ती पळवाट उरत नाही. गणवेशातल्या त्या शिपायाची नोकरी, पगार, हद्द सगळं कालच्यासारखंच आहे. बदलला आहे तो फक्त गस्तीवरचा जोडीदार. आणि ज्याला कालपर्यंत रस्त्यावरच्या मारामारीसाठी पकडायचं, त्याच्याबरोबर आज चालायचं आहे, हे त्या शिपायाला चांगलंच ठाऊक असणार.

या वर्गांची सुरुवात एका पोलीस प्रमुखाने केली. चार्ल्स रॅमसी 1998 मध्ये वॉशिंग्टनचे पोलीस प्रमुख झाले. त्याच सुमारास त्यांनी हे संग्रहालय पाहिलं, आणि एकच प्रश्न त्यांच्या मनात राहिला: हे सगळं होत असताना पोलीस काय करत होते? उत्तर फोटोंतच होतं. पोलीस हजर होते, कामावर होते. रॅमसींनी संग्रहालयाला आणि अँटी-डिफमेशन लीग या संस्थेला आपल्या पोलिसांसाठी अभ्यासक्रम करायला सांगितलं. 1999 पासून तो चालू आहे. पुढे एफबीआयचे नवे अधिकारी तिथे येऊ लागले, तिच्या नॅशनल अकादमीत शिकायला येणारे वरिष्ठ अधिकारीही येऊ लागले. आजवर एक लाखाहून जास्त पोलिसांनी हा अभ्यास केला आहे.

वर्गाची रीत साधी आहे. आधी संग्रहालयाची फेरी, मग फोटो आणि कागदपत्रं समोर ठेवून पोलिसांच्या भूमिकेवर चर्चा, आणि शेवटी आजच्या कामाबद्दल बोलणं. या सगळ्याचा गाभा म्हणजे 1933 ते 1942 या नऊ-दहा वर्षांत जर्मन पोलीस दल पायरी पायरीने कसं खाली उतरलं, ते पोलिसाच्याच नजरेने तपासणं.

पहिल्या पायऱ्या मोठ्या वेगाने झाल्या. 30 जानेवारी 1933 ला हिटलर चॅन्सेलर झाला. प्रशियाचं गृहखातं त्याचा सहकारी ग्योरिंग याच्याकडे आलं. 17 फेब्रुवारीला ग्योरिंगने पोलिसांना आदेश दिला की ‘राष्ट्रविरोधी’ लोकांवर शस्त्र चालवायला कचरू नका. जो गोळी झाडेल त्याला माझं संरक्षण, जो कच खाईल त्याची चौकशी. पाच दिवसांनी नाझी पक्षाच्या एसए आणि एसएस, तसंच राष्ट्रवादी माजी सैनिकांची स्टालहेल्म, या संघटनांतले सुमारे 50,000 लोक साहाय्यक पोलीस म्हणून भरती झाले. 27 तारखेला संसदेच्या इमारतीला आग लागली, आणि दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमाने सभा, वृत्तपत्रं, पत्रव्यवहार आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांची घटनात्मक हमी स्थगित झाली. आता माणूस उचलायला आरोप लागत नव्हता आणि ठेवायला न्यायाधीश लागत नव्हता. या कोठडीचं नाव होतं ‘संरक्षणात्मक’.

इथे वर्ग थांबतो आणि अवघड गोष्ट बोलली जाते. त्या वेळचे बहुतेक पोलीस नाझी नव्हते, तरी बऱ्याच जणांना हे बदल आवडले. आधीची वर्षं बेकारीची, रस्त्यावरच्या राजकीय मारामाऱ्यांची. पकडलेला माणूस न्यायालयातून सुटतो, वर वर्तमानपत्रं पोलिसांनाच धारेवर धरतात, ही तक्रार होतीच. नव्या सरकारने सांगितलं, तुमचे हात मोकळे करतो. कोणत्याही देशातल्या ठाण्यात ही तक्रार ऐकू येते, म्हणून ऐकणारे अधिकारी इथे गप्प होतात असं मला वाटतं. आपल्याला हवी तीच गोष्ट कुणी देऊ करतो तेव्हा तिची किंमत विचारायला फार थोडे थांबतात.

जून 1936 मध्ये देशभरातलं पोलीस दल एसएसचा प्रमुख हिमलर याच्या हाताखाली आलं. पक्षाची संघटना आणि राज्याचं पोलीस खातं यांच्यातली भिंत कागदावरूनही पुसली गेली.

मग येते नोव्हेंबर 1938 ची रात्र. 9 तारखेच्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनामंदिरं पेटवली गेली, दुकानं फोडली गेली. 10 तारखेला पहाटे 1 वाजून 20 मिनिटांनी हिमलरचा सहकारी, सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिख याने ठिकठिकाणच्या पोलिसांना तारेने सूचना पाठवल्या. आजच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्या एखाद्या परिपत्रकासारख्या ओळ न् ओळ वाचाव्यात. जर्मन माणसांच्या जिवाला आणि मालमत्तेला धोका होऊ नये. प्रार्थनामंदिर जाळायचं तर शेजारच्या इमारतीला झळ लागत नसेल तरच. ज्यूंची दुकानं-घरं फोडली तरी चालतील, लुटता कामा नयेत. लुटारूंना अटक करा. निदर्शनं पोलिसांनी थांबवू नयेत, सूचना पाळल्या जातात की नाही एवढंच पाहावं. आणि प्रत्येक जिल्ह्यात उपलब्ध कोठड्यांत मावतील तितके ज्यू, विशेषतः श्रीमंत, फार वयस्कर नसलेले धडधाकट पुरुष, अटक करावेत.

यात शिवी नाही, आरडाओरड नाही. बंदोबस्त, मालमत्तेचं रक्षण, लुटालूट रोखणं, कोठडीतली जागा: सगळे शब्द रोजच्या कामातले. हुकूम कायद्याच्या भाषेत लिहिला असला की तो कायदेशीर वाटू लागतो, आणि ज्याला तो अमलात आणायचा त्याला आपण व्यवस्था राखतो आहोत असंच वाटतं. त्या दिवसांत सुमारे 30,000 ज्यू पुरुष पकडले गेले आणि डाखाउ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउझेन इथल्या छावण्यांत पोचले.

त्याच रात्री बर्लिनमध्ये ओरानियनबुर्गर रस्त्यावरचं ‘नवं सिनेगॉग’ वाचलं, आणि वाचवलं ते पोलिसांनीच. हाकेशर मार्क्टजवळच्या सोळाव्या ठाण्याचे प्रमुख होते विल्हेल्म क्र्यूट्झफेल्ड. ही इमारत सरकारी संरक्षण लाभलेली वास्तू आहे, तसा कागद ठाण्यात होता. ठाण्यातल्या पोलिसांनी कागद आणि पिस्तूल दोन्ही पुढे करून जाळपोळ करणाऱ्यांना हुसकावलं आणि अग्निशमन दल बोलावून आग विझवायला लावली. प्रत्यक्ष जागेवर ठाण्यातला ओटो बेलगार्ड होता असं नंतरच्या संशोधनातून पुढे आलं. जबाबदारी मात्र क्र्यूट्झफेल्ड यांनी आपल्या अंगावर घेतली. पोलीस अध्यक्षांनी त्यांना बोलावून जाब विचारला. मोठी शिक्षा झाली नाही.

ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याच्यासाठी या प्रसंगातलं सगळ्यात मोलाचं मला हे वाटतं, की क्र्यूट्झफेल्ड यांनी बंड पुकारलं नाही. नियमावलीत एक जागा शोधली, तिच्यावर पाय रोवला, आणि हाताखालच्या माणसाला एकटं पडू दिलं नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला मेजर विल्हेल्म ट्राप आहे, हॅम्बुर्गच्या 101 व्या राखीव पोलीस बटालियनचा प्रमुख. बटालियन सुमारे 500 जणांची. चाळिशीच्या आसपासचे, गोदी कामगार, ट्रकचालक, कारकून, किरकोळ विक्रेते. 13 जुलै 1942 च्या पहाटे पोलंडमधल्या यूझेफुव्ह गावाबाहेर ट्रापने त्यांना गोळा केलं. साक्षीदारांनी पुढे सांगितलं की त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आवाज फुटत नव्हता. त्याने काम सांगितलं: गावातले कामाला लायक ज्यू पुरुष वेगळे काढायचे, उरलेल्या बायका, मुलं, म्हाताऱ्यांना रानात नेऊन गोळ्या घालायच्या. आणि पुढे म्हणाला, वयस्कर लोकांपैकी ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. डझनभर माणसं पुढे आली. त्यांना काहीही झालं नाही. दिवस मावळेपर्यंत सुमारे 1,500 ज्यू मारले गेले होते.

इतिहासकार क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी या बटालियनमधल्या 210 माणसांचे 1960 च्या दशकातले चौकशीतले जबाब तपासले आणि 1992 मध्ये ‘ऑर्डिनरी मेन’ हे पुस्तक लिहिलं. त्यातलं चित्र कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवावं असं आहे. बहुतेकांना जिवाची भीती नव्हती. सहकाऱ्यांपुढे भेकड ठरण्याची होती. आपण बाजूला झालो तर आपल्या वाट्याचं घाणेरडं काम दुसऱ्यावर पडेल, असंही वाटत होतं. राखीव दलातला एक लेफ्टनंट मात्र आदल्या रात्रीच म्हणाला की नि:शस्त्र बायका-मुलांना मारण्यात मी भाग घेणार नाही, मला दुसरं काम द्या. त्याला दुसरं काम मिळालं आणि पुढे त्याची हॅम्बुर्गला बदलीही झाली. नि:शस्त्रांना मारायला नकार दिला म्हणून फासावर चढवल्याचं एकही उदाहरण युद्धानंतरच्या खटल्यांत बचावपक्षाला दाखवता आलं नाही.

ट्राप रडला, हे खरं. पण त्याचे अश्रू एकाही माणसाच्या उपयोगी पडले नाहीत. त्याच्या हळवेपणाने उलट हाताखालच्यांची वाट सोपी केली: साहेबांनाही आवडत नाही, म्हणजे हे टळण्यासारखं नसणार. त्याने प्रत्येकाला एकट्याने निवड करायला लावली, तीही सगळ्यांच्या देखत, मिनिटभरात. पर्याय दिला असं म्हणता येतं, पण तो ज्या तऱ्हेने दिला त्यात डझनाहून जास्त माणसं पुढे येणं कठीणच होतं.

यूझेफुव्हनंतर जे झालं ते अधिक भेसूर आहे. समोरासमोर गोळ्या घालण्याने माणसं खचतात हे वरिष्ठांच्या लक्षात आलं, तेव्हा कामाची विभागणी झाली. बऱ्याच ठिकाणी गोळ्या घालण्याचं काम दुसऱ्या तुकड्यांकडे गेलं. बटालियनने गाव वेढायचं, माणसं बाहेर काढायची, ट्रेब्लिंका या संहारछावणीच्या गाडीत कोंबायची. वेढा घालणं, हद्द राखणं, गाडीपर्यंत पोचवणं. कामाचे तुकडे पडले की कुणाच्याच वाट्याला पूर्ण खून येत नाही. ब्राउनिंग यांच्या हिशेबाने या एका बटालियनने किमान 38,000 ज्यूंना गोळ्या घातल्या आणि 45,000 जणांना ट्रेब्लिंकाला धाडलं. ट्रापला 1948 मध्ये पोलंडमध्ये फाशी झाली, तीही पोलिश गावकऱ्यांना सूडापोटी मारल्याबद्दल, यूझेफुव्हबद्दल नव्हे.

वर्गात हटकून आक्षेप येतो: आम्हाला नाझींच्या पंक्तीला बसवता का? आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. लोकशाहीतला पोलीस म्हणजे नाझींचा गुप्त पोलीस, गेस्टापो, नव्हे, हे शिकवणाऱ्याने स्वच्छ सांगायलाच हवं. तुलना माणसांची नसते, पायऱ्यांची असते. कोणत्या पायरीवर थांबणं सोपं होतं आणि कुठून पुढे ते महाग होत गेलं, एवढंच शोधायचं असतं. स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालेन प्रांताचे पोलीस प्रमुख पाउल ग्र्यूनिंगर यांना ते महाग पडलं. 1938 मध्ये सीमा बंद झाल्यावरही त्यांनी शेकडो ज्यू निर्वासितांना आत घेतलं, कागदांवर आधीच्या तारखा घातल्या. 1939 मध्ये नोकरी गेली, पुढच्या वर्षी न्यायालयाने दोषी ठरवलं. ते 1972 मध्ये हलाखीत वारले. निकाल फिरला तो 1995 मध्ये. तत्त्वाला जागणाऱ्याचं शेवटी भलंच होतं, असं सांगणारा वर्ग खोटा ठरेल.

जर्मनीत हेच काम म्यून्स्टर शहरातल्या व्हिला टेन होम्पेलमध्ये चालतं. युद्धकाळात त्या भागातल्या पोलिसांचा कारभार याच बंगल्यातून हाकला जाई. नंतर इथेच नाझी राजवटीच्या बळींच्या भरपाईचे अर्ज निकालात निघत. आता तिथे पोलिसांसाठी परिसंवाद होतात. कोणत्या खोलीत कोणता हुकूम निघाला, हे त्या खोलीत बसून वाचणं वेगळं असतं.

मला मात्र नुसत्या दर्शनावर आणि चर्चेवर फारसा भरवसा नाही. संग्रहालयातून हेलावून बाहेर पडलेला अधिकारी दुसऱ्या दिवशी त्याच ठाण्यात, त्याच वरिष्ठांखाली कामाला लागतो. म्हणून या इतिहासातून निघालेली दुसरी वाट मला जास्त महत्त्वाची वाटते. अर्विन स्टॉब हे बुडापेस्टमध्ये 1938 साली जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ. लहानपणी ते वाचले ते स्वीडिश मुत्सद्दी राउल वॉलेनबर्ग यांनी दिलेल्या संरक्षणपत्रांमुळे आणि घरच्या मोलकरणीच्या धाडसामुळे. त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला तो बघ्यांचा: लोक बघत का राहतात, आणि मध्ये पडणारा का पडतो. मार्च 1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंगला बेदम मारलं, तेव्हा चौघे मारत होते आणि डझनाहून जास्त पोलीस भोवती उभे होते. त्यानंतर कॅलिफोर्नियाने स्टॉब यांना पोलिसांसाठी प्रशिक्षण आखायला सांगितलं: सहकारी मर्यादा ओलांडतोय असं दिसलं तर त्याला अडवायचं कसं. त्याच धाग्यावर न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी पुढे ‘एपिक’ हा कार्यक्रम उभारला. मे 2020 मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड एका पोलिसाच्या हातून मेला, तिथेही तीन पोलीस जवळ होते. त्याच वर्षी जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विधी शाखेने ‘एबल’ नावाने तो कार्यक्रम देशभरातल्या दलांसाठी खुला केला.

यात आठ तासांचं प्रशिक्षण आणि दरवर्षी दोन तासांची उजळणी असते. सराव प्रसंगांवर होतो: सोबत्याचा आवाज चढलाय, हात उचलला जातोय, काय बोलायचं, कधी खांद्यावर हात ठेवायचा, कधी त्याला बाजूला काढून आपण पुढे व्हायचं. ज्याला अडवलं त्याने ते कसं स्वीकारायचं, याचाही सराव होतो. हाताखालच्याने वरिष्ठाला अडवण्याचाही होतो, आणि पोलीस दलात सगळ्यात अवघड तेच. कार्यक्रमात सामील होण्याआधी दलप्रमुखाला लेखी हमी द्यावी लागते, स्थानिक संस्थांच्या पाठिंब्याची पत्रं जोडावी लागतात, आणि अडवणाऱ्या पोलिसावर कुणीही सूड उगवणार नाही असा नियम दलात करावा लागतो. या अटी पूर्ण केल्याशिवाय वर्ग सुरूच होत नाही.