लाल न होणारा पत्रा

लोखंड तापलं की सांगतं. आधी काळपट लाल, मग शेंदरी, मग पिवळं, शेवटी डोळे दिपवणारं पांढरं. लोहाराला त्यासाठी कधी थर्मामीटर लागला नाही. ॲल्युमिनियम यातलं काहीच करत नाही. ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि तोवर दिसायला जसंच्या तसं राहतं. पातळ पत्र्यावर वेल्डिंगची टॉर्च धरावी, काहीच होत नाहीसं वाटून आणखी अर्धा सेकंद थांबावं, आणि पत्र्याचा तेवढा भाग खाली गळून पडावा, हा अनुभव प्रत्येक शिकाऊ घेतो. लोखंडावर हात बसलेला माणूस तर जास्तच फसतो, कारण त्याचा डोळा रंगाची वाट बघत असतो.

ॲल्युमिनियमचं वेल्डिंग शिकायची गरज घरी जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच पडते. फियाट, अँबॅसेडर, महिंद्राची जीप या सगळ्या लोखंडी पत्र्याच्या. त्यांना गंज खातो आणि त्यांचं दुखणं कोणताही डेंटर ओळखतो. पण एखाद्याच्या नशिबात जुनी लँड रोव्हर आली की गणित बदलतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होतं. मॉरिस विल्क्स हा रोव्हर कंपनीचा मुख्य इंजिनिअर. वेल्समधल्या अँगल्सी बेटावरच्या आपल्या शेतीवर तो युद्धातली अमेरिकन जीप वापरत असे. तशीच गाडी आपण काढायची ठरली तेव्हा पोलाद पुरेसं नव्हतं, ॲल्युमिनियम मात्र मिळत होतं. म्हणून चॅसी पोलादी आणि वरचं बहुतेक अंग बर्माब्राइटचं, अशी गाडी ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात उभी राहिली. बर्माब्राइट हा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचा मिश्रधातू, समुद्राच्या खाऱ्या हवेलाही दाद न देणारा. टंचाईतली तडजोड म्हणून निवडलेला हा पत्रा पुढे त्या गाडीची ओळखच झाला. मानेभंज्यांगहून संदकफूला प्रवासी नेणाऱ्या जुन्या लँड रोव्हर बघितल्या, की त्या पत्र्याने किती सोसलंय ते कळतं.

पत्रा गंजत नसला तरी फाटतो. बोनेटच्या कोपऱ्यात, मडगार्डच्या बोल्टांभोवती, मागच्या हौद्याच्या कडेला धक्क्यांनी चिरा पडतात. आपल्याकडे यावर ठरलेला इलाज असतो: वरून लोखंडी पत्र्याचं ठिगळ, चार पॉप रिव्हेट आणि भरपूर पुट्टी. दिसायला दोन वर्षं ठीक. त्यानंतर काय होतं ते पुढे येईलच. शिवाय २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण ती मूळ रूपात असावी, चॅसी आणि बॉडीत मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. म्हणजे मूळ पत्रा वाचवण्यात हौसेइतकाच व्यवहारही आहे.

तर हा पत्रा इतका आडमुठा का? उघड्या ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर बसतो, काही नॅनोमीटर जाडीचा. तोच त्याला गंजण्यापासून वाचवतो आणि तोच वेल्डरच्या मुळावर येतो. आतला धातू ६६० अंशांना पाणी होतो, पण ऑक्साइडला वितळायला २,००० अंशांच्याही वर जावं लागतं. गरम दुधावर साय धरावी तसा हा पापुद्रा. खाली सगळं पातळ झालेलं, वरची साय मात्र जागच्या जागी. टॉर्चखालचे दोन काठ वितळूनही एकमेकांत मिसळत नाहीत, आणि मिसळत नाहीत म्हणून आपण उष्णता वाढवत जातो.

त्यात हा धातू उष्णता धरून ठेवत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या चौपटीहून जास्त वेगाने ती पसरवतं, मिश्रधातू त्याहून कमी. सुरुवातीला पत्रा तापायचं नाव घेत नाही, आणि सगळा तापला की आवरत नाही. पहिल्या इंचाला जेवढा करंट लागतो, तेवढा चौथ्या इंचाला दिला तर भोक पडलंच.

ऑक्साइडची साय फोडण्याच्या दोन वाटा आहेत. जुनी वाट गॅस वेल्डिंग आणि फ्लक्सची. फ्लक्स ऑक्साइड विरघळवतो, पण त्यातल्या सोडियममुळे ज्योतीभोवती इतका पिवळा झगमगाट होतो की खास काचेशिवाय काम दिसतच नाही. आणि उरलेला फ्लक्स गरम पाण्याने घासून धुतला नाही, तर पुढे तोच पत्रा खातो. तरीही जुन्या बॉडी बनवणाऱ्यांमध्ये या पद्धतीला मान होता, आजही आहे, कारण गॅसचा सांधा मऊ राहतो आणि हातोडीला मानतो.

दुसरी वाट विजेची. नॉर्थ्रॉप या अमेरिकन विमान कंपनीला मॅग्नेशियमची विमानं बांधायची होती, आणि मॅग्नेशियम तर ॲल्युमिनियमहून नाठाळ. तिथे रसेल मेरेडिथने १९४१च्या सुमाराला टंगस्टनच्या न वितळणाऱ्या कांडीतून ठिणगी काढून तिच्याभोवती हीलियम वायूचं कवच धरायची पद्धत बसवली. पुढे हीलियमच्या जागी स्वस्त आर्गन आला. पुस्तकात हिला टिग म्हणतात. आपल्याकडे रेडिएटर किंवा मॅग व्हील घेऊन कुणी टिगवाल्याचा पत्ता विचारत नाही. दुकानावरच्या पाटीवर ‘आर्गन वेल्डिंग’ असतं आणि त्याच नावाने सगळे ओळखतात.

ॲल्युमिनियमसाठी टिगचं मशीन एसी करंट देणारं हवं. बाजारातली स्वस्त इन्व्हर्टर मशिनं बहुतेक फक्त डीसी असतात, आणि विकणारा हे आपण होऊन सांगेलच असं नाही. एसीमध्ये करंटची दिशा सतत पालटते. टंगस्टन ऋण असतो त्या अर्ध्या फेरीत उष्णता पत्र्यात खोल जाते. तो धन होतो त्या अर्ध्या फेरीत पत्र्यावरचं ऑक्साइड उडतं, पण तेव्हा टंगस्टनच तापून गोळा होऊ लागतो. म्हणून नव्या मशिनांवर या दोन फेऱ्यांचा हिस्सा बदलायची सोय असते. ७० टक्के ऋण, ३० टक्के धन इथून सुरुवात करावी. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टा उमटला की सफाई होते आहे असं समजावं.

पातळ पत्र्यासाठी बाकीचा हिशेबही फार अवघड नाही. दर मिलिमीटर जाडीला साधारण ४० अँपियर, म्हणजे १.२ मिलिमीटरच्या पत्र्याला ५०च्या आसपास. टंगस्टन १.६ मिलिमीटरचा, लँथनमचा. लाल टोकाचा थोरियमवाला टाळावा, तो किंचित किरणोत्सारी असतो आणि धार लावताना त्याची धूळ छातीत जाते. आर्गन मिनिटाला सहा ते आठ लिटर. मोठ्या सिलिंडरमध्ये सात घनमीटर वायू मावतो, म्हणजे तो सोळा-सतरा तासांच्या निव्वळ वेल्डिंगला पुरतो. हौशी माणसाला तेवढं खूप झालं. मात्र वायूचं कवच वाऱ्याने उडतं, त्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यातही गॅरेजमधला पंखा बंदच ठेवावा लागतो. हे कुठल्याही माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत छापायला हवं.

पण माझ्या मते मशीनपेक्षा मोठा भाग सफाईचा आहे, आणि लोक नेमकी तिथेच घाई करतात. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन सहज विरघळतो, घट्ट होताना मात्र धातू त्याला बाहेर ढकलतो. बाहेर पडायला वेळ न मिळालेला वायू सांध्यात बारीक भोकं करून राहतो. हा हायड्रोजन येतो ग्रीसमधून, घामाच्या बोटांतून, रंगाच्या अवशेषातून, हवेतल्या ओलाव्यातून. पावसाळ्यात कोकणात काय, पुण्यातही उघड्यावर ठेवलेल्या फिलर कांड्या, म्हणजे सांध्यात भर घालायच्या तारा, चांगलं काम देत नाहीत. त्या झाकणाच्या पाइपात ठेवाव्यात. पत्रा आधी ॲसिटोनने पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मगच स्टीलच्या तारेचा ब्रश मारायचा. क्रम उलटा केला तर ब्रश तेलकटपणा पत्र्यात घासून बसवतो. ब्रश स्टेनलेस स्टीलचा, आणि लोखंडाला एकदाही न लावलेला. चीर मागून साफ होत नसेल तर तेवढा तुकडा कापून नवा बसवलेला बरा. सत्तर वर्षांचं तेल-चिखल मागच्या बाजूने वितळलेल्या धातूच्या डबक्यात ओढलं जातं आणि सांधा काळा पडतो.

एक इशारा गंभीरपणे. सफाईला ब्रेक क्लीनर वापरायचा मोह होतो. त्यातल्या काहींत क्लोरीनयुक्त द्रावक असतं. त्याची वाफ वेल्डिंगच्या ठिणगीत गेली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ॲसिटोनचा डबाही दूर नेऊन, झाकण लावून मगच टॉर्च पेटवावी. आणि ॲल्युमिनियमचा चकाकता पत्रा अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे हेल्मेट असूनही गळा आणि हनुवटीखालची त्वचा भाजते. कॉलर वरपर्यंत बंद हवी.

आता तो क्षण, ज्यासाठी सगळं शिकायचं. करंट कमीजास्त करणारं पायाखालचं पेडल दाबलं की ठिणगीखाली पत्रा आधी मळकट पांढरा दिसतो. मग एका ठिकाणी तो अचानक चकाकतो, कडा गोल होतात, आणि वाटाण्याहून लहान डबकं हलताना दिसतं. एवढीच काय ती खूण, तीही सेकंदभराची. त्या क्षणी फिलर कांडीचं टोक डबक्याच्या पुढच्या काठाला टेकवायचं, थेंब पडू द्यायचा, कांडी मागे घ्यायची पण वायूच्या कवचाबाहेर नाही, आणि टॉर्च पुढे. कांडीच्या थंड थेंबाने डबकं निवतं, हाही फिलरचा एक उपयोगच. एका आर्गनवाल्या मिस्त्रींकडे मी हे बघत उभा होतो. ते म्हणाले, “साहेब, उजेडाकडं बघू नका. डबक्याच्या पुढच्या कडंकडं बघा.” नवशिक्याची नजर ठिणगीवर खिळते, हे त्यांनी माझ्या मान वळवण्यावरूनच ओळखलं असावं. टंगस्टन डबक्यात बुडला, की थांबून नव्याने धार लावायची. तसंच रेटलं तर सांधा काजळतो.

नवखे लोक भीतीने करंट कमी ठेवतात आणि हळू जातात. त्याने उलट होतं, सगळा पत्रा तापतो. थोडा जास्त करंट आणि चपळ हात, हे बरं. सांध्यामागे तांब्याची पट्टी दाबून धरली तर ती उष्णता ओढून घेते आणि धातू खाली गळत नाही. दोन पत्र्यांत फट अजिबात नको. दर इंचाला टाका मारून घ्यावा, टाके हातोडीने समतल करावेत, मगच पूर्ण शिवण. शेवटी पेडल एकदम सोडायचं नाही. डबकं पटकन गोठलं तर मधोमध खड्डा पडून तिथून चीर निघते. करंट हळूहळू उतरवत एक थेंब जास्तीचा द्यायचा.

फिलर कोणता, यावर वेल्डरमंडळी तासभर वाद घालू शकतात. दुकानात सर्रास मिळते ती ४०४३, पाच टक्के सिलिकॉनची. ती छान वाहते, इंजिनच्या ओतीव भागांना उत्तम. पण बर्माब्राइटसारख्या मॅग्नेशियमवाल्या पत्र्याला, त्यातही सांधा नंतर ठोकून समतल करायचा असेल तर, मी ५३५६ घेईन. ती पाच टक्के मॅग्नेशियमची. त्याच पत्र्याची कापलेली अरुंद पट्टी फिलर म्हणून वापरणं ही जुन्या कारागिरांची पद्धत. पत्रा आणि शिवण एकाच जातीचे राहतात. प्रदर्शनांत पाण्याच्या बाटलीइतक्या सहज विकल्या जाणाऱ्या ‘साध्या गॅसवर ॲल्युमिनियम जोडा’वाल्या कांड्या जस्ताच्या असतात. ती झाळणी आहे, वेल्डिंग नव्हे. बाहेरच्या पत्र्यावर एकदा ती लावली की पुढे तिथे खरं वेल्डिंग करायची सोय उरत नाही.

शिवण झाली की निम्मं काम झालं. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि गोठताना आकसतं, म्हणून शिवणीच्या रेषेत पत्रा ओढला जातो आणि बाजूला लाटा उठतात. मग मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून शिवणीवर हलक्या हातोडीने ठोकत ती पुन्हा पसरवायची. ग्राइंडरने उंचवटा घासण्याआधी हे करायचं, नंतर नाही. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला तर मऊ करावा लागतो, आणि इथे पुन्हा तोच प्रश्न: तापला हे कळणार कसं? त्यावर साबणाची युक्ती आहे. अंगाच्या साबणाची वडी पत्र्यावर घासायची आणि मागून गॅसची ज्योत फिरवायची. साबणाचा डाग तपकिरी होऊन काळपट पडला की ज्योत बाजूला. साडेतीनशे ते चारशे अंशांच्या दरम्यान मऊपणा येतो, आणि वितळण्यापासून आपण अजून पुरेसे दूर असतो. धातू बोलत नाही, तर साबणाकडून बोलवून घ्यायचं.

एवढं शिकूनही सगळीकडे टॉर्च घेऊन धावायचं नसतं. लँड रोव्हरचा पत्रा मुळात बऱ्याच ठिकाणी रिव्हेटने आणि स्पॉट वेल्डने जोडलेला आहे, आणि तिथे तो तसाच जोडावा. एसटीच्या लाल गाड्यांचे ॲल्युमिनियमचे पत्रेही दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं रिव्हेटनेच बसत आले. पोलादी बांधणी अलीकडची. टाटा मोटर्सने लँड रोव्हरबरोबरच २००८ मध्ये विकत घेतलेल्या जॅग्वारच्या २००३च्या एक्सजेची ॲल्युमिनियमची बॉडीही मुख्यतः रिव्हेट आणि चिकट द्रव्याने जोडलेली होती. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याचा कडकपणा जातो, हे कारखान्यांनाही ठाऊक आहे. चीर, भोक, नवा कोपरा बसवणं, एवढ्यापुरतीच टॉर्च.

राहिलं ते लोखंडी ठिगळाचं. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये पाणी शिरलं, की त्यांची बॅटरी होते आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. रंगाखाली फोड येतात, फोडले की पांढरी पूड निघते. लँड रोव्हरच्या दारांत हे मुळातच घडतं, कारण आत पोलादी चौकट आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. म्हणून दुरुस्त केलेलं दार परत बसवण्याआधी चौकटीचा गंज काढून तिला इपॉक्सी प्रायमर द्यावा, दोन्ही धातूंच्या मध्ये गंजरोधक पेस्टचा थर किंवा पातळ टेप घालावी, आणि दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं सीलंटने बुजणार नाहीत एवढं बघावं. बाहेरून उघड्या ॲल्युमिनियमवर आधी एच (etch) प्रायमर, मग रंग. साधा प्रायमर त्यावर धरत नाही, पापुद्रे निघतात.