सूज उतरते तेव्हा

सूज म्हणजे दुखणे, असेच आपण धरून चालतो. वास्तविक जखमेभोवतीची सूज ही दुरुस्तीची पहिली पाळी असते. रक्तवाहिन्या सैलावतात, पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेला भाग उचलतात. मागून येणाऱ्या पेशी कोलॅजनचे नवे जाळे विणतात. हे काम हाताबाहेर जाऊ नये म्हणून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. हे संप्रेरक पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचून सूज पेटवणारी जनुके मंदावते.

१९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला त्याच कुळातले कॉर्टिसोन टोचले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्यांना, केंडल व राइखश्टाइन यांच्यासह, नोबेल मिळाले.

मात्र उपयोगाची सूज कोणती आणि घातक कोणती, हे या औषधाला कळत नाही. कोलॅजन कमी विणले जाते, जखम रेंगाळते, साखर चढते, जंतूंना रान मोकळे होते.

करोनात हे फार महागात पडले. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने सांगितले की, रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि प्राणवायूवरील रुग्णांचे एकपंचमांशाने घटतात. प्राणवायू न लागणाऱ्यांना मात्र फायदा नाही. माझ्या मते आपल्याकडे या निष्कर्षाचा पूर्वार्ध पोचला, उत्तरार्ध वाटेतच राहिला. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे रुग्ण औरंगाबादच्या घाटी रुग्णालयात येत होते. अनियंत्रित मधुमेह, करोनाची झीज आणि वारेमाप स्टिरॉइड, अशा शरीरात माती-हवेतली साधी बुरशी नाकावाटे शिरून जबडा नि डोळ्यापर्यंत पोचे.

याचेच छोटे रूप पाचोडला मोसंबीच्या बाजारातही भेटते. दिवसभर घामाने भिजणाऱ्या हमालाला गजकर्ण झाले की तो मेडिकलमधून ट्यूब आणतो. तिच्यात बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉलसारखे कडक स्टिरॉइड असेल, तर दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. चट्ट्याची ओळखीची कड पुसट होते आणि बुरशी मात्र पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञही क्षणभर फसतात. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ मध्ये बंधन आले. ट्यूब अजून मिळते, हा भाग वेगळा.

आणि गोळी महिनोन्महिने चालली, तर शरीराची स्वतःची ग्रंथी झोपी जाते. ती जागी व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून अशी गोळी एका दिवसात तोडत नाहीत, डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतात.