बिनतारी गाडीच्या तारा

घरांत हुन्नरी मुलगा असला म्हणजे दुरून चालविण्याची गाडी आज ना उद्यां घरांत येतेच. कधीं ती तयार विकत आणलेली असते, कधीं सुटे भाग मागवून त्यानें स्वतः जुळविलेली असते. चार दिवस ती अंगणांत सुरळीत धांवते; पांचव्या दिवशीं अडखळते, आपोआप वळते, किंवा हातांतील यंत्राचें न ऐकतां भलतीकडेच जाते. मग वडील मंडळी मुलाच्या हाताला दोष देतात, मुलगा दुकानदाराला देतो, आणि दुकानदार हवेंतील लहरींना! या तिघांचेंही निदान सहसा चुकीचें असतें. दोष बहुधा गाडीच्या पोटांतील तारांत असतो, आणि तो हुडकून काढणें सुशिक्षित घराच्या आवांक्याबाहेरचें नाहीं.

ही विद्या कांहीं आजची नव्हे. १८९८ सालीं न्यूयॉर्क शहरीं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें निकोला टेस्ला यानें पाण्याच्या हौदांत एक लहानशी नौका बिनतारी लहरींनीं चालवून दाखविली. त्या काळीं संदेश पाठवावयाचा म्हणजे विजेची ठिणगी पाडावयाची, हीच रीत होती. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारण ठिणगी पडली कीं लहरी उठतात, मग ती ठिणगी कोणी हेतुपुरस्सर पाडलेली असो वा नसो.

आतां स्वस्त गाडींतील मोटार पाहा. तिच्या फिरत्या भागावर तांब्याच्या पट्ट्या असतात व त्यांवर कर्बाचे अथवा धातूचे ब्रश घासत असतात. प्रत्येक फेऱ्यांत प्रवाह तुटतो, जुळतो, आणि दर वेळीं एक बारीक ठिणगी उडते. म्हणजे गाडीच्या पोटांतच एक लहानसें बिनतारी प्रक्षेपणयंत्र बसलेलें असतें, आणि मोटारीच्या लांब तारा त्याच्या एरियलचें काम करतात. शेजारीं बसलेला रिसीव्हर बिचारा मालकाची हांक ऐकणार कीं हा गलका? जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या संचांत हा उपद्रव फार होत असे, व खेळण्यांच्या गाड्यांत तो अजून आढळतो.

त्यावर उपाय सोपा व स्वस्त आहे. ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर घ्यावे. एक मोटारीच्या दोन टोकांमध्यें जोडावा, व उरलेल्या दोहोंपैकीं एकेक प्रत्येक टोकापासून मोटारीच्या धातूच्या कवचापर्यंत. डाख धरावा म्हणून कवच कानशीनें घासून घ्यावें, आणि कपॅसिटरचे पाय होतील तितके आंखूड ठेवावे. मोटारीच्या दोन तारा वेणीसारख्या एकमेकींस पीळ देऊन आखूड राखाव्या. रिसीव्हर मोटारीपासून शक्य तितका दूर बसवावा. त्याची एरियलची तार नीट दिसावी म्हणून गुंडाळण्याचा वा कापण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो आवरावा. बिनब्रशाच्या मोटारीस मात्र हे कपॅसिटर मुळींच लावूं नयेत. तिच्यांत ती ठिणगीच नाहीं.

अलीकडील संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तेथें लहर अवघी साडेबारा सेंटिमीटर लांबीची, व मोटारीच्या ठिणगीचा गलका तितक्या उंच स्वरापर्यंत फारसा पोंचत नाहीं. तरीही गाड्या अडखळतात! कारण आतां रिसीव्हरमध्यें लहानसा संगणक असतो, आणि त्याचा विद्युद्दाब क्षणभर जरी ठराविक मर्यादेखालीं गेला तरी तो मूर्च्छित होऊन पुन्हा आरंभापासून जागा होतो. पाहणाऱ्यास वाटतें, लहर तुटली. वस्तुतः तुटलेलें असतें तें अन्न.

आमच्या वाड्यांतील एक प्रकार येथें सांगण्याजोगा आहे. पुतण्याच्या मुलानें जुळविलेली तीन किलो वजनाची गाडी मागल्या अंगणांतून वेगानें येत असतां वळणावर सुकाणू फिरेनासें झालें, आणि ती तशीच सरळ चौकांत शिरून जोत्यावर आदळली. रांगणारें मूल तेथून दोन हातांवर होतें. वहिनींनीं गाडी त्याच दिवशीं घराबाहेर काढण्याचा हुकूम दिला, व तो अन्यायाचा होता असें कोण म्हणेल? मुलाचा वर्षभराचा खाऊचा पैसा तिच्यांत गेलेला. त्यानें आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

तर्कशास्त्रांत अन्वय व व्यतिरेक म्हणून कारण ओळखण्याची जी रीत आहे, तिचाच आम्हीं अवलंब केला. तें असतां हें घडतें काय, आणि तें नसतां हें टळतें काय, एवढेंच पाहावयाचें. मोटारीच्या तारा सोडवून सुकाणू शंभर वेळां फिरविलें. रिसीव्हरचा दिवा स्थिर. मोटार जोडून व चाकांस अटकाव करून फिरविलें. दिवा लुकलुकूं लागला. येथपर्यंत दोष ठिणगीचाही असूं शकत होता. म्हणून तिसऱ्या खेपेस मोटार तशीच ठेवून रिसीव्हर व सुकाणू यांस स्वतंत्र चार सेलांची बॅटरी दिली, व स्पीड कंट्रोलरकडून रिसीव्हरकडे येणारी तांबडी तार तेवढी वेगळी केली. दिवा पुन्हा स्थिर! ठिणगी होती तशीच असून उपद्रव गेला. अर्थात् ठिणगी निर्दोष ठरली.

शोध घेतां असें दिसलें कीं, बॅटरी मागें बसविण्यासाठीं एका कारागिरानें मधें बारीक तारा जोडल्या होत्या. ०.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरमागें सुमारें ०.०३४ ओहम. जाण्यायेण्याची मिळून १ मीटर तार व २० अँपियर प्रवाह धरला, तर जवळजवळ ०.७ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. त्यांत बॅटरी अर्धी रिकामी, सुकाणूची मोटार अडलेली, व जोडणीचा तुकडा सैल. मग रिसीव्हरच्या वांट्यास काय उरणार? तीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट ०.०९ व्होल्टहून कमी होते. बॅटरी पुन्हा पुढें आणून जाड व आंखूड तारा घातल्या, आणि दिवा लुकलुकणें थांबलें. वहिनींनींही गाडीस अभय दिलें. मात्र चौकांत तिला कायमची बंदी.

जेथें सुकाणूची मोटार दांडगी असेल तेथें तिला व रिसीव्हरला वेगळा पुरवठा द्यावा. रिसीव्हरवर मोठा कपॅसिटर लावण्याची सूचना पुष्कळ जण करतात. क्षणिक खळगा तो भरून काढतो. बारीक तारेचें दारिद्र्य त्यानें फिटत नाहीं. लिथियम-पॉलिमर बॅटरीचीं दोन टोकें उघडीं राहून एकमेकांस लागलीं तर आग लागूं शकते, म्हणून डाखावर नळीचें वेष्टन हवेंच. फुगलेली बॅटरी वापरूं नये, व भरतांना कोणीतरी मोठें माणूस जवळ असावें.

मुलाच्या हातीं गाडी देण्यापूर्वीं आणखी एक परीक्षा घ्यावी. चाकें जमिनीपासून उचलून धरावीं, मोटार मंद वेगानें फिरूं द्यावी, व हातांतील यंत्र बंद करावें. चाकें ताबडतोब थांबलीं पाहिजेत. कांहीं संचांत ही योजना मालकानें स्वतः करून ठेवावी लागते. तोंवर लहर तुटली असतां गाडी शेवटचीच आज्ञा पाळीत राहते. एरव्हीं क्रम उलटा ठेवावा: सुरू करतांना आधीं हातांतील यंत्र, मग गाडी, बंद करतांना आधीं गाडी.